नाशिकची थंडी आणि जुने गुलाब

गुलाब हा शब्द आपण फुलाचे नाव म्हणून वापरतो. परंतु त्याची फोड केली असता ‘गुल’ म्हणजे फूल आणि ‘आब’ म्हणजे पाणी असे दोन फारसी शब्द निघतात. मुळात हे गुलाबपाण्याचे नाव. ते पुढे फुलासच चिकटले. आपल्या गावाचेही या ‘गुल’शी जुने नाते आहे. मोगल अमदानीत नाशकास गुलशनाबाद, म्हणजे फुलबागेचे गाव, असे म्हणत. पेशव्यांच्या काळी नाशिक हे मूळचे नाव पुन्हा रूढ झाले. नाव गेले, तरी नाशकाच्या हवेत गुलाब आजही आनंदाने वाढतो. मात्र कोणता गुलाब, हा खरा प्रश्न आहे. आणि या लेखात आम्ही त्याचाच विचार करणार आहोत.

प्रथम ‘जुना गुलाब’ कशास म्हणावयाचे ते पाहू. इ. स. १८६७ मध्ये फ्रान्सातील गियो नावाच्या बागवानाने ‘ला फ्रान्स’ हा गुलाब बाजारात आणला. आज बाजारात मिळणाऱ्या उंच देठाच्या, टोकदार कळीच्या हायब्रिड टी गुलाबांचा तो पूर्वज मानला जातो. त्या वर्षापूर्वी ज्या ज्या कुळांचे गुलाब बागांत नांदत होते, ती सर्व कुळे जुनी, असा जाणकारांचा संकेत आहे.

या जुन्या गुलाबांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग थंड देशांचा. गॅलिका, दमास्क, आल्बा आणि शतपत्री अशी त्यांतील मुख्य घराणी. पारा शून्याखाली वीस अंश उतरला आणि झाडावर बर्फ साचले, तरी ती बहुधा मरत नाहीत. हिवाळ्यात ती पाने गाळून झोपी जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडी जुन्या काडीवर एकदाच बहरतात. दुसरा वर्ग पूर्वेकडचा, म्हणजे चिनी गुलाब आणि टी गुलाब यांचा. यांना कडक गारठा सोसत नाही. परंतु हवा सौम्य असेल तर ती बारमाही फुलतात. असे का व्हावे, याचा उलगडा अलीकडे शास्त्रज्ञांनी केला आहे. एकदाच फुलणाऱ्या झाडात फुलण्यास आवर घालणारा एक आनुवंशिक लगाम असतो. हिवाळा भरपूर मिळाला की तो सैल होतो. चिनी गुलाबात हा लगामच निकामी झालेला आहे. म्हणून नवीन फूट आली की तिच्या शेंड्यास कळी येतेच.

हे चिनी गुलाब युरोपात गेले, त्यात आपल्या देशाचाही वाटा आहे. चीनमधून निघालेली काही रोपे कलकत्त्याच्या मार्गाने जहाजांतून पुढे गेली; त्यामुळे फ्रेंच लोक त्यांना ‘बंगालचा गुलाब’ म्हणू लागले. पुढे हिंदी महासागरात, मॉरिशसजवळच्या बूर्बों बेटावर (आजचे रेयुनियाँ), एक मौज घडली. तेथील मळेवाले शेताच्या कडेला दमास्क आणि चिनी अशा दोन्ही गुलाबांचे कुंपण लावीत. त्या कुंपणात दोहोंच्या संकराने एक नवेच रोप उगवले. त्यास तेथे ‘रोज एदुआर’ म्हणत. १८१९ च्या सुमारास त्याचे बी फ्रान्सात पोहोचले आणि बूर्बों घराणे उदयास आले. आपल्या रोपवाटिकांत ‘एडवर्ड’ म्हणून जो गुलाब ओळखला जातो, तो हाच. नाव ऐकून इंग्लंडचा राजा आठवतो. परंतु त्याचा येथे काही संबंध नाही.

आता आपल्या थंडीकडे वळू. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. पौषात गोदाकाठी सकाळी हात गारठतात आणि निफाडकडे पारा कधी कधी चार-पाच अंशांच्याही खाली जातो. द्राक्षबागांत रात्री शेकोट्या पेटवाव्या लागतात, हे आमच्या कित्येक विद्यार्थ्यांनी घरीच पाहिले असेल. महाराष्ट्राच्या मानाने ही थंडी कडक खरी. परंतु दमास्कच्या दृष्टीने तो केवळ हिवाळ्याचा आभास होय. पहाटे गारठा आणि दुपारी ऊन, अशा हवेत त्याला गाढ झोप लागत नाही.

याचा धडा आम्ही चुकूनच शिकलो. एका थंड हवेच्या गावाहून दमास्कचे एक रोप आम्ही हौसेने आणून विद्यालयाच्या बागेत लावले. इतर गुलाबांबरोबर त्याचीही दर ऑक्टोबरात छाटणी केली. चार वर्षे पाने भरघोस आली, फूल मात्र एकही आले नाही. रोप विकणाराने फसविले, असे आम्ही उघड बोलूनही दाखविले. पुढे समजले की, फुले ज्या जुन्या काडीवर यावयाची, तीच आम्ही दरवर्षी कापीत होतो. पाचव्या वर्षी झाडास हात लावला नाही, तेव्हा चैत्रात अवघी सात फुले आली. सुवास अवर्णनीय होता. पण सातच फुले! दोष रोपाचा नव्हता, विकणाराचाही नव्हता. चूक आमची होती आणि उरलेला भाग हवेचा होता.

म्हणून आम्ही पुढील चार जुने गुलाब नाशिककरांस सुचवितो. पहिला वर सांगितलेला एडवर्ड. फूल गुलाबी, पाकळ्या नाजूक, वास गोड; गुलकंदास उत्तम. दुसरा ‘ओल्ड ब्लश’ हा फिकट गुलाबी चिनी गुलाब. त्याचे एकेक फूल साधे असते, परंतु झाड क्वचितच रिकामे दिसते. तिसरा ‘सुव्हेनिर द ला मालमेझों’ हा १८४३ चा बूर्बों. पावसाळी हवेत याच्या कळ्या न उमलताच कुजतात, म्हणून विलायतेत पुष्कळ बागवान त्यास कंटाळतात. आमच्या कोरड्या हिवाळ्यात मात्र तो मोकळेपणाने उमलतो. चौथा ‘मारेशाल नील’ हा १८६४ चा पिवळा वेल. इंग्लंडात त्यास काचघरात जपावे लागते. येथे उन्हाची भिंत आणि मांडव एवढे पुरते. विलायतेची थंडी ज्यांना मारते, त्यांना आमची थंडी फुलविते, हा या निवडीतील सारांश होय.

निगा फार अवघड नाही. दिवसातून पाच-सहा तास ऊन पडेल अशी जागा निवडावी, आळ्यात कुजलेले शेणखत घालावे आणि पाणी साचू देऊ नये. पाऊस सरला की ऑक्टोबरात, द्राक्षाच्या छाटणीच्याच सुमारास, छाटणी करावी; परंतु नव्या गुलाबांसारखे झाड बुडापर्यंत कापू नये. वाळलेल्या व रोगट काड्या काढाव्यात आणि उरलेल्यांचा शेंड्याकडील तिसरा हिस्सा घ्यावा. साधारण दीड महिन्यात, म्हणजे थंडी भरात असताना, फुले येतात. द्राक्षावर येते तशी भुरी गुलाबावरही येते. तिला गंधकाची भुकटी चालते, मात्र गुलकंदाच्या झाडास ती लावू नये.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. विकतचे गुलाब बहुधा दुसऱ्याच खुंटावर डोळा भरून केलेले असतात. वरचा गुलाब मेला की खालचा खुंट फुटतो आणि लोक म्हणतात, ‘गुलाब जंगली झाला.’ तो खुंट पुष्कळदा एडवर्डच असतो! तेव्हा असे झाड उपटण्यापूर्वी एकदा त्याचे फूल पाहावे आणि हुंगावे.

जुन्या गुलाबास खुंटाची गरज नसते. त्याची काडीच मूळ धरते. छाटणीत निघालेली, पेन्सिलीच्या जाडीची, चार डोळ्यांची वीतभर काडी घ्यावी. दोन डोळे मातीत, दोन वर, अशी ती सावलीत लावून माती ओलसर ठेवावी. सहा ते आठ आठवड्यांत तिला मुळ्या येतात.

या वीतभर काडीचे मोल आम्हांस आमच्या एका विद्यार्थ्याने शिकविले. पंचवटीतील त्याच्या आजीच्या वाड्यात एक गावठी गुलाब होता. आजी दर वर्षी त्याचा गुलकंद घालीत. वाडा पाडून इमारत बांधावयाचे ठरले आणि झाड गेले. परंतु आदल्या वर्षीच वर्गातील पाठ म्हणून त्या मुलाने दोन काड्या आणून विद्यालयाच्या बागेत लावल्या होत्या. त्यांतील एक जगली होती. तिच्यापासून केलेले रोप कुंडीत घालून त्याने नव्या घराच्या गच्चीवर नेले. आजींनी पहिले फूल देवास न वाहता प्रथम नातवाच्या हाती दिले, असे त्याने आम्हांस सांगितले.

दिंडोरीकडे जानोरी-मोहाडीस हरितगृहांतून निघणारे लांब देठाचे गुलाब दूरदूरच्या शहरांत जातात. त्या शेतकऱ्यांचे कौतुक आम्हांसही आहे. मात्र त्या फुलांत टिकाऊपणा असतो, तितका सुवास नसतो. बाजार त्या गुलाबांची काळजी घेईल. वाड्यांच्या अंगणांतील जुन्या गुलाबांची काळजी घेणारे कोणी नाही, आणि वाडे तर दरवर्षी कमी होत आहेत.

म्हणून आमचे विद्यार्थ्यांस आणि त्यांच्या वडीलधाऱ्यांस एवढेच सांगणे आहे. येत्या ऑक्टोबरात आजीच्या, मावशीच्या किंवा शेजारच्या काकूंच्या अंगणातील जुन्या गुलाबाची एक काडी विचारून घ्यावी. ती कोणाच्या घरची, केव्हा आणली, हे एका चिठ्ठीवर लिहून कुंडीस बांधावे. ज्यांस घरी जागा नसेल, त्यांच्यासाठी विद्यालयाच्या बागेत आम्ही एक वाफा राखून ठेवला आहे.