वार्धक्याचा आधार

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात लॉस एंजेलिस हे मोठे शहर आहे. तेथील लिंकन हायस्कूलच्या मुख्याध्यापिका एथेल पर्सी अँड्रस १९४४ साली सेवानिवृत्त झाल्या. पाव शतकाहून अधिक काळ त्यांनी त्या शाळेची धुरा वाहिली होती. पुढे राज्यातील निवृत्त शिक्षकांच्या संघटनेने गरजू सभासदांची विचारपूस करण्याचे काम त्यांच्याकडे सोपवले.

एके दिवशी एक वृद्ध स्त्री हलाखीत असल्याचे त्यांच्या कानी आले. शोध घेत त्या तिच्या पत्त्यावर पोहोचल्या. घर सापडले, परंतु ती स्त्री त्या घरात राहत नव्हती. घरामागे कोंबड्यांसाठी बांधलेले खुराडे होते, तेच तिचे बिऱ्हाड! ती एक निवृत्त शिक्षिका होती. तिचे निवृत्तिवेतन दरमहा सुमारे ४० डॉलर होते. एवढ्यात घरभाडे आणि अन्न यांचीच तोंडमिळवणी होईना. मग औषधपाणी कोठून होणार?

त्या शिक्षिकेला कोणी दोन घास दिले असते, तर तिचा तो दिवस भागला असता. पण दुसऱ्या दिवशी काय? शिवाय, ज्याने आयुष्यभर ताठ मानेने विद्यादान केले, त्याला हात पसरणे मरणाहून कठीण वाटते. असे कितीतरी वृद्ध आपले दुःख झाकून बसले असतील, हे अँड्रसबाईंनी ओळखले. एकेकट्याच्या दयेने हा प्रश्न सुटणारा नव्हता. त्यासाठी सर्वांनी मिळून कायमची व्यवस्था उभारणे आवश्यक होते.

१९४७ साली त्यांनी देशभरातील निवृत्त शिक्षकांची संघटना स्थापन केली. पहिला प्रश्न होता आजारपणाचा. आरोग्यविम्यात अनेकजण थोडे थोडे पैसे एकत्र ठेवतात आणि ज्याच्यावर आजार ओढवेल, त्याचा खर्च त्यातून भागवला जातो. परंतु त्या काळी वृद्धांचा विमा उतरवण्यास कंपन्या तयार नसत. वृद्ध म्हणजे नित्याचा आजारी, असे त्यांना वाटे. ४० हून अधिक कंपन्यांनी अँड्रसबाईंना नकार दिला. तरी त्यांनी प्रयत्न सोडले नाहीत. अखेर १९५६ साली निवृत्त शिक्षकांसाठी सामुदायिक विमायोजना सुरू झाली. मग इतर व्यवसायांतील निवृत्तांकडूनही मागणी येऊ लागली. म्हणून १९५८ साली सर्वच निवृत्तांसाठी एक व्यापक संस्था निघाली. आपली सेवा करून घ्यावी यासाठी नव्हे, तर सेवा करावी यासाठी आपण आहोत, हे तिचे ब्रीद ठरले.

हे ब्रीद केवळ कागदावर राहिले नाही. १९६१ साली निवृत्तांचे साहाय्य आणि वार्धक्याविषयीचे संशोधन यांसाठी वेगळी धर्मादाय संस्था स्थापन झाली. १९६७ साली अँड्रसबाई निवर्तल्या. त्यांचे स्मारक कसे करावे? पुतळा उभारणे सोपे होते. परंतु सभासदांच्या देणग्यांतून दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात त्यांच्या नावाचे वार्धक्यशास्त्राचे केंद्र उभे राहिले. ते १९७३ साली सुरू झाले. तेथेच १९७५ साली वार्धक्यशास्त्राचे स्वतंत्र विद्यालयही निघाले. उतारवयात शरीराची शक्ती का ओसरते, स्मरणशक्ती का मंदावते, वृद्धांना स्वावलंबनाने कसे जगता येईल, अशा प्रश्नांचा शास्त्रज्ञ तेथे अभ्यास करू लागले.

या दानाचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेण्यासारखे आहे. संकटात सापडलेल्या सोबत्याला दिलेल्या मदतीचे फळ लगेच दिसते. संशोधनाचे तसे नाही. एका प्रश्नाचे उत्तर मिळण्यास कित्येक वर्षे लागतात. देणगी देणारे बहुतेक सभासद वयाने उतरलेले होते. त्या संशोधनाचा लाभ आपल्या हयातीत मिळेलच, अशी आशा त्यांना धरता येण्याजोगी नव्हती. तरीही त्यांनी आपल्या बेताच्या मिळकतीतून वाटा काढला. आजोबांनी आंब्याची कोय पुरावी आणि नातवंडांनी फळे चाखावीत, तसेच हे आहे. आज जे तरुण आहेत, तेही एके दिवशी वृद्ध होणारच. त्यांची वाट थोडी सुकर व्हावी, म्हणून पुढे गेलेल्या वाटसरूंनी लावलेला हा दिवा होय.

शब्दार्थ : धुरा वाहणे – जबाबदारी पार पाडणे. हलाखी – अत्यंत गरिबी. बिऱ्हाड – राहण्याची जागा. ब्रीद – बाणा, ध्येयवाक्य. निवर्तणे – मरण पावणे. सुकर – सोपी.

स्वाध्याय
१. वृद्ध शिक्षिकेच्या भेटीनंतर अँड्रसबाईंनी काय ओळखले?
२. विमा कंपन्यांनी नकार का दिला असावा?
३. सोबत्याला केलेली मदत आणि संशोधनासाठी दिलेले दान यांत कोणता फरक आहे?
४. वाक्यांत उपयोग करा : तोंडमिळवणी होणे, हात पसरणे.