अंगठ्याचा ठसा कंपनीकडे राहतो का?

प्रश्न : रेशन दुकान, सेवा केंद्र, बँक मित्र, जिथे जावे तिथे अंगठा लावावा लागतो. यंत्रे मात्र खासगी कंपन्यांची. आमचे ठसे त्या कंपन्यांकडे साठतात का? आणि आईचा अंगठा एका यंत्रावर झटकन उठतो, दुसऱ्यावर उठतच नाही, असे का?
— एक वाचक, कळंब (जि. धाराशिव)

उत्तर : आधी आईच्या अंगठ्याचे बघू. बहुतेक यंत्रांत काचेखाली दिवा आणि छोटा कॅमेरा असतो. बोटावरच्या रेघांचे उंचवटे काचेला टेकतात, मधल्या खाचा टेकत नाहीत. त्या फरकातून चित्र उमटते. रेघ कुठे संपते, कुठे फुटते, या खुणा त्यातून टिपल्या जातात. वाशी-भूम-कळंबकडून दरसाल ऊसतोडीला जाणाऱ्या बायामाणसांच्या रेघा कोयत्याने आणि पाचटाने झिजलेल्या असतात. कोरडे बोट, काचेवरची धूळ आणि यंत्राचा दर्जा यांची त्यात भर पडते. दुकानदार उपरण्याच्या टोकाने काच पुसतो आणि म्हणतो, ‘आजी, दाबू नका, नुसतं टेकवा’, ते खरेच आहे. जोरात दाबले की रेघा एकमेकींना चिकटतात.

आता साठवणुकीचे. नियमाप्रमाणे ठसा कंपनीकडे किंवा दुकानदाराकडे राहायला नको. आधार पडताळणीसाठी, आधारचा कारभार पाहणाऱ्या सरकारी प्राधिकरणाकडे नोंदलेलेच यंत्र चालते. ठसा घेतल्या घेतल्या तो सांकेतिक रूपात बंद होतो आणि ते रूप फक्त प्राधिकरणाच्या सर्व्हरवर उघडते. पडताळणीचे उत्तर ‘जुळला’ किंवा ‘जुळला नाही’ एवढेच येते. आधार कायद्याच्या कलम 29 नुसार बोटांचे ठसे आणि डोळ्यांची प्रतिमा कोणत्याही कारणासाठी कुणाला देता येत नाही.

ही व्यवस्था आली मात्र 2017 मध्ये. तोवर साधी यंत्रे चालत आणि त्यांतून घेतलेला ठसा साठवून पुन्हा वापरणे शक्य होते. त्याच वर्षी फेब्रुवारीत, साठवलेले ठसे पुन्हा वापरून पडताळण्या झाल्याच्या संशयावरून खुद्द प्राधिकरणाने दिल्ली पोलिसांकडे तक्रार केली होती.

मग कंपन्यांनी आपणहून चांगले कुलूप का लावले नाही? बाजारात स्पर्धा आहे. अहमदाबादची मंत्रा, फ्रेंच मुळाची मॉर्फो, अशी नावे सेवा केंद्राच्या टेबलावर दिसतात. पण यंत्र विकत घेतो केंद्रचालक, अंगठा तुमचा. चालक बघतो किंमत, दुरुस्ती आणि यंत्र मोबाइलला नीट जोडले जाते की नाही ते. तुमचा ठसा किती सुरक्षित राहतो, याची किंमत त्या सौद्यात कुणी मोजत नाही. म्हणून यंत्रे स्वस्त झाली ती चढाओढीने आणि सुरक्षित झाली ती सक्तीने.

स्पर्धा टिकतेच असेही नाही. 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत आधारचा आरंभ झाला. त्याच वर्षी दुबार नोंदी हुडकण्याचे काम एकाच कंपनीच्या हाती राहू नये म्हणून तीन गटांत वाटले गेले : अ‍ॅक्सेंचर, महिंद्रा सत्यम-मॉर्फो आणि एल-वन आयडेंटिटी सोल्यूशन्स. वर्षभरात मॉर्फोची मालक असलेल्या फ्रान्सच्या साफ्रान कंपनीने एल-वन विकत घेतली. तीन गटांपैकी दोन एकाच घराशी जोडले गेले.

भामट्यांना यंत्र फोडण्याची गरजही नसते. 2018 मध्ये तेलंगणात नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावरच्या खरेदीखतांवरून अंगठे उचलून, त्यांचे रबरी ठसे बनवून सिमकार्डे काढल्याचा प्रकार उघडकीस आला. पिन बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही. म्हणूनच बोट जिवंत आहे का, हे तपासणारी पद्धत प्राधिकरणाने पुढे आणली.

आता तुमच्या हातातल्या गोष्टी. एमआधार अ‍ॅपमधून किंवा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून ठसे ‘लॉक’ करून ठेवा. मोबाइल आधारला जोडलेला हवा. लॉक असताना रेशनचा अंगठाही चालणार नाही, तेव्हा दुकानात जाण्यापूर्वी ते उघडा. आधार कुठे-कुठे वापरले गेले याची मागच्या सहा महिन्यांची यादी त्याच अ‍ॅपमध्ये किंवा संकेतस्थळावर दिसते. अनोळखी नोंद आढळली तर 1947 वर फोन करा. बँक मित्राने ‘अंगठा उठला नाही, पुन्हा लावा’ म्हटले तर आधी शिल्लक बघा, पावती मागा आणि मगच बोट टेकवा. आईसाठी दुसरे बोट किंवा घरातल्या दुसऱ्या सदस्याचा अंगठा वापरता येतो. तेही जमले नाही तर डोळ्यांची पडताळणी किंवा ओटीपीची सोय आहे का, हे दुकानदाराला विचारा. अंगठा उठला नाही एवढ्या कारणाने धान्य नाकारले तर तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत लेखी तक्रार द्या आणि तिची पोच घ्या.