रॅम घेण्यापूर्वी : संगणकाच्या स्मृतीच्या तीन मर्यादा



कापसाचे पैसे हातात आले की आपल्या भागात वर्षभर राहून गेलेली खरेदी होते. त्या दिवसांत शाळेच्या फाटकात दोन-चार पालक तरी विचारतातच, "सर, घरचा कम्प्युटर फार हळू चालतो. रॅम वाढवून घेऊ का?" यंदा हाच प्रश्न आपल्या विश्वस्त मंडळासमोरही आहे. संगणक कक्षातील जुन्या यंत्रांना नवी रॅम घ्यावी, की ती यंत्रे मोडीत काढावीत? म्हणून या अंकातील पाठ याच विषयावर आहे.

प्रथम माझीच चूक सांगतो. २०१० साली माझ्या घरच्या संगणकात विंडोज एक्सपी होती. १ जीबी रॅम अपुरी पडते म्हणून ती काढून मी २-२ जीबीच्या दोन पट्ट्या बसवून घेतल्या. घरी येऊन पाहतो तर पडद्यावर ३.२५ जीबीच! दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन मी दुकानदाराला चार शब्द सुनावले. त्याने शांतपणे त्याच पट्ट्या आपल्या संगणकात लावून दाखवल्या. तिथे पुरे ४ जीबी दिसले. पट्ट्या खऱ्या होत्या, दुकानदारही खरा होता. अपुरे होते ते माझे ज्ञान. त्याची क्षमा मागून मी घरी आलो आणि अभ्यासाला बसलो. तो अभ्यास आज आपल्यापुढे ठेवत आहे.

हार्ड डिस्क म्हणजे घरातले कपाट आणि रॅम म्हणजे अभ्यासाचे टेबल. पुस्तके कपाटात राहतात, पण वाचताना ती टेबलावर काढावी लागतात. टेबल लहान असेल तर एक पुस्तक ठेवून दुसरे काढण्यातच वेळ जातो. संगणक हळू चालण्याचे एक कारण हेच. म्हणून टेबल मोठे करणे योग्य, पण त्याला मर्यादा आहेत. त्या तीन आहेत.

पहिली मर्यादा पत्त्याची. आपल्या आदिलाबादचा पिनकोड ५०४००१ हा आहे. पैनगंगेपलीकडच्या महाराष्ट्राचे पिनकोड ४ ने सुरू होतात, आपले ५ ने. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी अधिकारी होते आणि संस्कृतचे मोठे पंडितही होते. आता विचार करा. सहा अंकांत जास्तीत जास्त किती क्रमांक बनतील? ०००००० पासून ९९९९९९ पर्यंत, म्हणजे दहा लाख. त्यापुढच्या पोस्टासाठी इमारत बांधता येईल, पण तिला द्यायला क्रमांक उरणार नाही. क्रमांक नाही तर पत्र पोहोचणार कसे?

रॅममध्येही प्रत्येक बाइटला असा क्रमांक असतो. फरक एवढाच की संगणकाला ० आणि १ हे दोनच अंक माहीत. एका अंकात २ पत्ते, दोन अंकांत ४, तीन अंकांत ८. प्रत्येक अंकाला पत्ते दुप्पट होतात. ३२ अंकांपर्यंत गेलो की ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ पत्ते होतात. हेच ते ४ जीबी. '३२ बिट'ची प्रणाली म्हणतात ती हीच. मग माझे पाऊण जीबी कुठे गेले? बसमध्ये काही आसने राखीव असतात, तसे त्या पत्त्यांपैकी काही पत्ते पडद्याचे कार्ड व इतर उपकरणांसाठी राखून ठेवलेले असतात. म्हणून ३२ बिट विंडोजमध्ये ४ जीबी बसवूनही साधारण ३ ते ३.५ जीबीच वापरता येते.

दुसरी मर्यादा प्रणाली विकणाऱ्याची. ६४ बिट प्रणालीत पत्त्यांची टंचाई नाही, तरीही कंपनी आवृत्तीप्रमाणे सीमा घालते. ६४ बिट विंडोज ७ चेच पाहा. होम बेसिकला ८ जीबी, होम प्रीमियमला १६ जीबी आणि प्रोफेशनलला १९२ जीबी. विंडोज १० होमला ६४ बिटमध्ये १२८ जीबी चालते, पण त्याच विंडोज १० ची ३२ बिट आवृत्ती ४ जीबीवर थांबते. म्हणून नुसते 'विंडोज १० आहे' एवढे सांगून भागत नाही.

तिसरी मर्यादा यंत्राची. मदरबोर्डवर रॅमच्या खाचा किती आणि प्रत्येक खाचेत किती जीबी चालते, हे ठरलेले असते. शिवाय डीडीआर २, डीडीआर ३, डीडीआर ४ या पट्ट्या एकमेकींच्या जागी बसत नाहीत. लॅपटॉपची पट्टी आखूड असते. काही लॅपटॉपमध्ये रॅम कायमची जोडलेली असते, ती वाढवताच येत नाही.

पैसे देण्यापूर्वी पुढील गोष्टी कराव्यात.

१. सेटिंग्जमध्ये 'सिस्टिम'मधील 'अबाउट' उघडून प्रणाली ३२ बिट की ६४ बिट आणि रॅम किती, हे वहीत लिहा.

२. नेहमीची कामे चालू ठेवून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबा. 'परफॉर्मन्स'मधील 'मेमरी'त किती रॅम वापरात आहे ते दिसते. निम्मी रिकामी असेल तर दोष रॅमचा नाही. अशा वेळी जुन्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवल्याने वेग जास्त वाढतो.

३. मदरबोर्डचा किंवा लॅपटॉपचा मॉडेल क्रमांक दुकानदाराला दाखवूनच पट्टी घ्या.

४. प्रोसेसर ६४ बिटचा असूनही प्रणाली ३२ बिटची असेल, तर ६४ बिट प्रणाली नव्याने घालावी लागते. त्यात जुने सर्व पुसले जाते. फोटो, निकालपत्रे, हिशोब आधी दुसरीकडे उतरवून घ्या.

आता विश्वस्त मंडळासाठी दोन शब्द. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. आधार संपला म्हणून यंत्र बंद पडत नाही, पण सुरक्षेच्या नेहमीच्या मोफत दुरुस्त्या थांबतात. अशा यंत्रावर बँकेचे व्यवहार करणे धोक्याचे. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम लागते, परंतु ६४ बिट प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-सोयही लागते. ती नसलेल्या यंत्रात कितीही रॅम घातली तरी ते विंडोज ११ साठी पात्र ठरत नाही.

तरी मोडीत काढण्याची घाई नको. केरळच्या सरकारी शाळा अनेक वर्षांपासून मोफत लिनक्स प्रणालीवर चालतात. सी-डॅक या आपल्या सरकारी संस्थेने 'बॉस' ही लिनक्स प्रणाली तयार केली आहे. तिच्यात मराठी आणि तेलुगू दोन्ही भाषांची सोय आहे, आणि आपल्या मुलांना दोन्ही लागतात. मात्र लिनक्सच्याही बहुतेक नव्या आवृत्त्या आता ६४ बिटच्याच असतात, हे आधी तपासावे लागेल.

म्हणून माझी नम्र सूचना अशी की, आधी प्रत्येक यंत्राची नोंद करावी आणि मगच खर्च मंजूर करावा. समाजातील लोकांनी वर्गणी काढून शाळेला दिलेला पैसा आहे. माझ्या ३.२५ जीबीचा धडा शाळेच्या खर्चाने पुन्हा शिकायला नको.

गृहपाठ : इयत्ता ८ वी ते १० वीच्या विद्यार्थ्यांनी घरच्या, शेजारच्या किंवा शाळेच्या एका संगणकाची नोंद करावी. प्रणालीचे नाव, ३२ की ६४ बिट, रॅम किती, कामाच्या वेळी वापर किती, खाचा किती आणि रिकाम्या किती, एवढे लिहावे. ज्यांच्या घरी संगणक नाही त्यांनी संकोच करू नये. संगणक कक्षाच्या नोंदीचे काम प्रथम त्यांनाच दिले जाईल. आणि २ ला २ ने ३२ वेळा गुणायचे, की ३१ वेळा? वहीत करून पाहा आणि उत्तर मला सांगा.