क्लच सुटला, आता गिअर कसे टाकायचे?

प्रश्न : कॅनडात माझ्याकडे मॅन्युअल गिअरची कॅन-ॲम स्पायडर ही तीनचाकी आहे. क्लच दाबून डावे मनगट दुखते. सेमी-ऑटोमॅटिक घेतली तर जमेल का?

उत्तर : नक्की जमेल. तिला क्लचचा लिव्हरच नसतो. डाव्या मुठीजवळची पट्टी अंगठ्याने ढकलली की गिअर वर जातो, बोटाने ओढली की खाली येतो. वरचा गिअर मात्र आपणच टाकायचा, गाडी तो आपोआप टाकत नाही. वेग कमी झाला की खालचे गिअर ती स्वतः घेते, सिग्नलला थांबेपर्यंत पहिल्यावर येते.

सवयी दोन बदला. वरचा गिअर टाकताना ॲक्सिलरेटर सोडू नका. उभी करताना गिअरच्या भरवशावर राहू नका; इंजिन बंद झाले की क्लच सुटलेला असतो, म्हणून पार्किंग ब्रेक लावायलाच हवा. ब्रेकचे पेडल पूर्वीसारखेच उजव्या पायाशी असते.

जुन्या गाडीचा गिअरबॉक्स बदलण्याच्या खर्चात पडू नका, गाडीच बदला. नव्या गाडीचे ऑइल बदलताना हायड्रॉलिक कंट्रोल मॉड्यूलचा वेगळा फिल्टरही बदलून घ्या. आधी मोकळ्या मैदानात सराव करा. मनगट सांभाळून प्रवास चालू राहू दे!