नाशिकचा वाईन वीकेंड: शनिवार भरतो, पण मंगळवारचं काय?

व्हिडिओत आपण नाशिकच्या होमस्टेचा हिशोब फळ्यावर मांडला होता. तो फार भरभर झाला, म्हणून इथे सावकाश बघू. वही-पेन घेऊन बसा.

आधी गिऱ्हाईक ओळखू. मुंबईहून नाशिक साधारण 170 किलोमीटर, पुण्याहून 210च्या आसपास. शुक्रवारी ऑफिस सुटलं की निघायचं, रविवारी संध्याकाळी घरी. सुलाने 2005 मध्ये गंगापूर धरणाच्या बाजूला टेस्टिंग रूम उघडली आणि लोक बाटली घ्यायला नाही, तर बाग बघायला, चव घ्यायला येऊ लागले. आज त्याच भागात यॉर्क, सोमा आहेत, इगतपुरीकडे ग्रोव्हर झांपा, व्हॅलोन आहेत, दिंडोरीत शँडन आहे. म्हणजे वाईन दाखवणारे भरपूर आहेत. तुम्ही त्यांच्याशी स्पर्धा करायला जाऊ नका. टेस्टिंग तासा-दीड तासात संपतं. उरलेले चाळीस तास हा माणूस काय करणार? झोपणार, खाणार, गप्पा मारणार. तुमचा धंदा त्या चाळीस तासांचा आहे.

आता आकडे. हे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही घाला.

समजा चार खोल्या, भाडं 3,000 रुपये, नाश्त्यासकट. वर्षात शुक्रवार-शनिवारच्या रात्री 104. चार खोल्यांच्या झाल्या 416. सगळ्या भरत नाहीत, 60 टक्के धरा, म्हणजे 250. जमा 7,50,000 रुपये. ऐकायला छान वाटतं ना? थांबा.

एका खोलीमागे एका रात्रीला नाश्ता, धुलाई, साबण-पाणी मिळून 550 रुपये, म्हणजे 1,37,500. निम्मं बुकिंग पोर्टलवरून, कमिशन 18 टक्के धरलं तर 67,500. केअरटेकरला महिना 15,000, वर्षाचे 1,80,000. वीज, इंटरनेट, डागडुजी महिना 8,000, वर्षाचे 96,000. आणि बांधकामासाठी 20 लाखांचं कर्ज, दहा वर्षं, 11 टक्के: हप्ता सुमारे 27,550, वर्षाचे 3,30,600. एकूण खर्च 8,11,600.

म्हणजे 61,600 रुपयांचा तोटा. खोल्या दर वीकेंडला बऱ्यापैकी भरलेल्या असताना!

कारण सोपं आहे. कमाई 104 रात्रींची, पण केअरटेकर आणि बँक 365 दिवसांची. वीकेंडच्या प्रत्येक धंद्यात हे दुखणं असतं, मग तो महाबळेश्वरला असो की अलिबागला.

एका रात्रीतून हातात काय उरतं ते काढा. 3,000 वजा 550 वजा सरासरी कमिशन 270, उरले 2,180. पक्का खर्च 6,06,600. भागाकार केला की 279 रात्री. आपण 250 वर आहोत. आठवड्याच्या मधल्या दिवसांत फक्त एक खोली, फक्त एक रात्र, पण दर आठवड्याला भरली, तर 302 रात्री होतात आणि 51,760 रुपये नफा दिसतो. एवढ्याशा फरकावर धंदा उभा किंवा आडवा होतो. म्हणून शनिवारचं भाडं कमी करून गर्दी ओढू नका. डोकं मंगळवार-बुधवारवर चालवा. घरून काम करणारे, निवृत्त जोडपी, त्र्यंबकेश्वरला आलेली पण गावातल्या गजबजाटात राहायचं नसलेली कुटुंबं, ही तुमची मधल्या वाराची माणसं. पोर्टलवरून आलेला पाहुणा दुसऱ्यांदा थेट फोनवर यावा यासाठीही धडपडा. तिथे रात्रीमागे 540 रुपये वाचतात.

(जागा आणि घर आधीच तुमचं असेल तर हप्त्याची ओळ खोडा आणि पुन्हा बेरीज करा. चित्र एकदम बदलेल. कर्ज काढून नवं बांधायच्या आधी जुन्या घराच्या दोन खोल्यांवर एक वर्ष काढा, असं मी म्हणतो ते यासाठीच.)

2027 च्या सिंहस्थाचे दर धरून प्रोजेक्शन करू नका. तो बोनस. कुंभ बारा वर्षांनी येतो, हप्ता दर महिन्याला.

हंगाम समजून घ्या, कारण तक्रारी तिथूनच येतात. आपल्याकडे वाईनच्या द्राक्षांची काढणी साधारण जानेवारी ते मार्च. युरोपात ती ऑगस्ट-ऑक्टोबरमध्ये असते, त्यामुळे परदेशी सिनेमे बघून लोक दिवाळीत लगडलेले घड शोधत येतात. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर तर वेली बोडक्या दिसतात. तुमच्या जाहिरातीत फेब्रुवारीचा फोटो आणि पाहुणा मे महिन्यात आला, तर रेटिंग गेलंच समजा. फोटोखाली महिना लिहा. पावसाळ्यात घड नसतात, पण डोंगर हिरवेगार असतात, तेव्हा तेच विका. आणि हो, वाईनचं द्राक्ष लहान, बियांचं, जाड सालीचं असतं. खायचं द्राक्ष वेगळं. पाहुण्याला बागेत उभं करून दोन्ही चाखायला दिलीत तर अर्धा तास रमतो, खर्च जवळपास शून्य.

कागदपत्रांत एक गोष्ट पक्की: पाहुण्याला वाईन विकायची किंवा पाजायची असेल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो. "एक ग्लास आमच्याकडून" हा पाहुणचार अंगाशी येऊ शकतो. त्यापेक्षा नाश्त्याला झणझणीत मिसळ, पापड, दही द्या. नाश्ता द्यायचा म्हणजे एफएसएसएआय नोंदणी हवी, आणि पर्यटन संचालनालयाकडे होमस्टेची नोंदणीही करून घ्या.

आणि ज्यांच्याकडे ना जागा ना घर? टेस्टिंग झाल्यावर गाडी कोण चालवणार, हा प्रश्न प्रत्येक ग्रुपला पडतो. पाहुण्यांचीच गाडी चालवणारा, वेळेवर येणारा, रस्ते माहीत असलेला ड्रायव्हर दिवसाच्या ठरलेल्या दराने देणं, ही सेवा दोन विश्वासू माणसं आणि एका फोनवर सुरू होते. लायसन्स आणि ओळखपत्रं तपासून ठेवा, गाडीच्या विम्याबद्दल आधीच स्पष्ट बोला, आणि पहिले पाच होमस्टेवाले स्वतः जाऊन भेटा, तेही सोमवारी. शनिवारी त्यांना मान वर करायला वेळ नसतो.