तांड्यावरची बोली अभ्यासाच्या आड येते का?

प्रश्न : आम्ही पुसद तालुक्यातल्या तांड्यावरचे. मुलगी नववीत आहे. घरी गोरमाटी, शाळेत मराठी, त्यात श्रावणात तीज. या ओढाताणीत तिचा अभ्यास मागे पडेल का? घरीही मराठीच बोलावी का?

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. बऱ्याच शिक्षकांनाही ती पडते. घरी मराठी बोलायची गरज नाही. का, ते पाहू.

गोरमाटी म्हणजे मोडकीतोडकी मराठी, हा समज चुकीचा आहे. ती राजस्थानी भाषांच्या कुळातली आहे आणि तिला स्वतःचे व्याकरण आहे. मराठीत लिंगे तीन, गोरमाटीत दोनच. त्यामुळे पहिलीतले पोर 'माझा पुस्तक' म्हणाले, तर ते मंद नसते. नपुंसकलिंग त्याला नव्याने शिकावे लागते. शिक्षकांनी समजावले की ते शिकते. वर्ग हसला की गप्प बसते आणि पुढे नववीतही उत्तर येत असून हात वर करत नाही. खरे नुकसान इथे होते.

घरची बोली बंद केल्याने मराठी सुधारत नाही, आजीशी बोलणे मात्र तुटते. एका भाषेत विचार पक्के झाले की दुसरी भाषा सोपी जाते. म्हणूनच संविधानाचे कलम ३५०क भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करायला सांगते.

आता तीज. टोपल्यांत गहू पेरायचे, रोज पाणी घालायचे, मैत्रिणींबरोबर गाणी म्हणायची. यातले बरेचसे शाळेच्या वेळेबाहेर होते. चाचणी त्याच आठवड्यात आली, तर वर्गशिक्षकांशी आधीच बोलून ठेवा. सण लपवण्यासारखा नाही, हे मुलीलाही त्यातून कळेल.

मग तांड्यावरची मुले मागे का पडतात? मोठे कारण ऊसतोड. दिवाळीच्या आगेमागे कुटुंब निघते आणि शाळेचे निम्मे वर्ष बुडते. तेवढ्यासाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे. तुमच्या तांड्यावरून कोणी निघणार असेल, तर त्यांना दसऱ्याआधीच मुख्याध्यापकांकडे चौकशी करायला सांगा. घरी मात्र गोरमाटी खुशाल बोला.