तुटलेला दात फेकू नकोस

रात्री फोनवर तू विचारलंस, "आक्का, आयडलर गिअर निम्म्या किमतीत मिळतोय, घेऊन टाकू का?" आणि मी नुसतं "थांब" म्हणून फोन ठेवला. राग मानू नकोस गं. तुझे मालक शेजारीच बसलेले असणार, आणि मला जे सांगायचं ते माझ्याच फजितीचं. ते स्पीकरवर कसं सांगू?

आमच्या पहिल्या गाडीचं अगदी असंच झालं होतं. ऊस भरून कारखान्याच्या काट्यावर रांगेत उभी, आणि इंजिनाच्या तोंडाकडून किर्र आवाज. मिस्त्रीनं कव्हर खोललं तर आयडलरचे दोन दात गेलेले. मी तेवढा एक गिअर आणला, तोही स्वस्तातला. बुश जुना, पिन जुनी. पैसे वाचवले म्हणून चार दिवस मिरवलं. संक्रांतीच्या आत गाडी येडशीच्या अलीकडं बंद पडली ती पुश रॉड वाकवून, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून. निम्मा हंगाम दारात उभी, हप्ता मात्र चालू. आणि बाई, तुझ्या दाजींना अजून माहीत नाही, की मिस्त्री बुश बदला म्हणत होता आणि नको म्हणणारी मी होते.

तेव्हा मिस्त्रीशेजारी खोक्यावर बसून मी एक गोष्ट शिकले. गिअर आपणहून मरत नाही, त्याला कोणीतरी मारतं. आयडलरच्या बुशला तेलाचं भोक असतं. ते गाळानं बुजलं, किंवा बुश फिरून भोक सरकलं, की पिन कोरडी पडते. मग गिअर डुलायला लागतो आणि सगळा भार दाताच्या एकाच टोकावर येतो. जुनी पिन पुसून उजेडात धर. निळसर-काळा डाग दिसला तर समज, तिथं तेल पोचत नव्हतं. अशा पिनीवर कितीही महागाचा गिअर चढव, तो जाणारच.

म्हणून आधी तेलाचं चेंबर उतरवायला लाव. गाळ चाळ, दातांचे तुकडे काढ आणि तुटल्या जागी लावून बघ, फुटक्या बांगडीचे तुकडे जुळवतो तसे. एक जरी कमी पडला तर शोध थांबवू नकोस. तो आत राहिला तर नव्या दातांत जाऊन बसेल.

आता खरेदीचं. दुकानात गाडीचं नाव सांगून भागत नाही, इंजिनाचं सांगावं लागतं. टाटांच्या गाड्यांत ६९७ आलं, कमिन्सचं ६बीटीही आलं. ६९७ म्हणजे सहा सिलिंडर, ९७ मिलिमीटर बोअर, नावातच सगळं आहे. ६बीटीत क्रँकचा गिअर थेट कॅमच्या गिअरला भिडतो आणि कॅमचा पंपाच्या गिअरला, मधे आयडलर नाही. तुझ्या गाडीत आहे. म्हणून इंजिन नंबर कागदावर लिहून ने आणि जुना गिअर पिशवीत घालून ने. (आपले अण्णा अजून टाटाच्या ट्रकला "मर्सिडीज" म्हणतात. १९५४ ते १९६९ टाटा आणि डेमलर-बेंझचा करार होता, तिथली ती सवय. त्या नावानं दुकानात काही मागू नकोस म्हणजे झालं.)

काउंटरवर लाजू नकोस. खडूनं एक दात पांढरा कर आणि तिथून मोजायला लाग. जुन्या-नव्याचे दात सारखे हवेत, रुंदी सारखी हवी, दातांचा तिरकेपणा एकाच बाजूचा हवा. क्रँक आणि कॅमचा हिशोब तर तोंडपाठ ठेव, क्रँकच्या दुप्पट दात कॅमला. क्रँक मिनिटाला १,५०० फेरे घेतो तेव्हा कॅम ७५० घेतो. डिझेलचा पंपही तेवढेच. यात एका दाताची चूक झाली तर व्हॉल्व्ह भलत्या वेळी उघडतो आणि डिझेल भलत्या वेळी पडतं.

डुप्लिकेट गिअर डोळ्यांना फसवतो. खोकं ओरिजनल आणि आत लोकल माल, असंही होतं. खरी गोम दातांना दिलेल्या पाण्यात असते. बारीक कानस दाताच्या कडेला हलकी लाव, पाणी नीट दिलेलं असेल तर ती घसरते, नसेल तर चावते. दुकानदार करू देणार नाही, मग पक्कं बिल घे आणि ही परीक्षा गॅरेजात कर. बिल मागितलं की टॅक्सचा बागुलबुवा दाखवतील. सुट्या भागांवरचा २८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वर आलाय, हे त्यांना ठाऊक आहे, तुलाही असू दे.

माझं विचारशील तर नव्या डुप्लिकेटपेक्षा एकाच इंजिनातून निघालेला जुना ओरिजनल सेट बरा. एकमेकांवर घासून ते दात एकमेकांना सरावलेले असतात. फक्त दातांवर देवीच्या व्रणांसारखे खड्डे नकोत. बुश, पिन आणि थ्रस्ट वॉशर मात्र नवेच. तिरके दात गिअरला सतत बाजूला ढकलतात, तो रेटा वॉशर सोसतो. कव्हर, पुली, बोल्ट धुऊन चालतील. क्रँकचं पुढचं ऑइल सील नवं घाल, उघडलंच आहे तर.

बसवताना तिथंच उभी राहा. कॅमचा गिअर गरम करून चढवायची वेळ आली तर गॅसच्या ज्वाळेनं लाल करू देऊ नकोस, दातांचं पाणी उतरतं. गिअरांवरच्या खुणा जुळल्या की मोबाइलवर फोटो काढ, मग इंजिन हातानं दोन फेरे फिरवायला सांग. क्रँक-कॅम पुन्हा जागेवर येतील, आयडलरची खूण येणार नाही. घाबरू नकोस, त्याच्या दातांचा आकडा वेगळा असतो म्हणून तसं होतं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आख्खं गॅरेज डोक्यावर घेतलं होतं.

मी परवा सकाळच्या एसटीनं येते. पार्ट आणायला सोलापूरला दोघी जाऊ. तो तुटका दात तोवर कुंकवाच्या डबीत का होईना, ठेवून दे. आणि दाजींसमोर बुशचा विषय काढू नकोस.